घरातल्या माणसाचं बायपोलर कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं

डिप्रेशन आता बऱ्याच घरांत ओळखता येतं. माणूस उठत नाही, बोलत नाही, जेवत नाही, रडतो, मग कुणीतरी म्हणतं चल डॉक्टरकडे जाऊन येऊ. पण बायपोलर म्हणजे मूड काही काळ असा खाली जातो आणि काही काळ खूप वर चढतो असा आजार, आणि त्याची ही वर चढायची बाजू आजारासारखी दिसतच नाही. माणूस खूश असतो, कामाला लागलेला असतो, चार लोकांत छान बोलत असतो आणि घरच्यांना वाटतं चला, गाडी रुळावर आली एकदाची. नेमकी हीच बाजू निसटते म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे, त्याच्यासोबत राहून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि ओपीडीच्या बाकड्यावर बसलेल्या इतर घरच्यांशी बोलून जे कळलं ते सांगते. मी डॉक्टर नाही आणि हे वाचून घरच्या घरी कुणाचं निदान करू नका, पण डॉक्टरकडे कधी जायचं आणि तिथे नेमकं काय सांगायचं एवढं यातून नक्की कळेल.

सगळ्यात आधी, लक्षणांची यादी हातात घेऊन माणसाला तपासायला बसू नका. तो माणूस एरवी कसा असतो ते आठवा. कुणी मुळातच बडबडा असतो, कुणी जन्मभर पाच तास झोपून टुणटुणीत असतो, कुणाचा हात खर्चाला सैलच असतो, तो त्यांचा स्वभाव झाला. बघायचं ते हे की हा माणूस *त्याच्या स्वतःच्या* नेहमीच्या वागण्यापेक्षा एकदम वेगळा वागायला लागलाय का, आणि ते किती दिवस टिकलंय. डॉक्टर मंडळी मॅनिया (म्हणजे मूडचा हा मोठा चढ) म्हणतात तेव्हा साधारण आठवडाभर, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ तो बदल असावा लागतो (ऍडमिटच करायची वेळ आली तर मग दिवस मोजत बसत नाहीत). त्याच्यापेक्षा सौम्य असतो तो हायपोमॅनिया, त्याला निदान चार दिवस. आणि डिप्रेशनला दोन आठवडे. म्हणजे सकाळी चिडली आणि संध्याकाळी हसत होती म्हणून "ती ना बायपोलर आहे" असं जे आपण सहज बोलून जातो ते बंद करा, तासाभरात मूड बदलणं म्हणजे बायपोलर नव्हे, आणि ज्यांना खरंच आहे त्यांना ते ऐकून फार लागतं.

झोपेवर लक्ष ठेवा

मला कुणी एकच खूण विचारली तर मी झोप सांगेन. पण यात एक फरक नीट समजून घ्या. टेन्शनमध्ये झोप येत नाही तेव्हा माणूस कूस बदलत राहतो आणि दुसऱ्या दिवशी डोळे जळतात, अंग मोडून येतं, कामात लक्ष लागत नाही. मॅनियात तसं नसतं. तीन तास झोपून उठतो आणि ताजातवाना असतो, झोपेची गरजच वाटत नाही त्याला, दोन-तीन रात्री असं झालं तरी थकत नाही. "झोप येत नाही" आणि "झोप लागतच नाही मला आता, गरज नाही" या दोन वाक्यांत सगळा आजार आहे.

दादाचं सांगते. एरवी साडेदहाला झोपणारा माणूस. एका रात्री दोन वाजता उठून त्याने माळा साफ करायला काढला. जुनी पितळेची भांडी, आजोबांची ट्रंक, दिवाळीचे आकाशकंदील सगळं खाली हॉलमध्ये, आणि सकाळी सहाला चहा करून सगळ्यांना उठवलं. वहिनी खूशच झाली, माळा कधीपासून काढायचा होता. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरातली कपाटं. मग ऑफिसातल्या लोकांना रात्री तीन वाजता व्हॉट्सॲपवर सात-आठ मिनिटांच्या व्हॉइस नोट्स. मग गावच्या जमिनीवर कृषी पर्यटन केंद्र काढायचा प्लॅन, आणि त्यासाठी एका बोअरवेलवाल्याला, एका सुताराला आणि एका वेबसाइटवाल्या पोराला एकाच दिवशी ऍडव्हान्स. यातली कुठलीही एक गोष्ट वेगळी काढून बघितली तर त्यात काय वाईट आहे, लोक माळा साफ करतात, लोक धंदा काढतात. पण सगळं एकत्र, झोपेशिवाय, रोज चढत्या वेगाने, आणि कुणी "जरा थांब" म्हटलं की भडका, तेव्हा तो आजार असतो.

बाकीच्या खुणा अशा. बोलणं वाढतं आणि मध्ये तोडताच येत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, ऐकणाऱ्याला धागाच सापडत नाही. स्वतः सांगतात की डोक्यात विचारांची नुसती धावपळ चाललीय. लक्ष कशावरही उडतं, रस्त्यावरचा बोर्ड दिसला की त्यावर सुरू. आपण काहीतरी मोठे आहोत, आपल्याला खास काम दिलंय, मुख्यमंत्र्यांना भेटून हे सांगायलाच पाहिजे, असं ठाम वाटायला लागतं. पैसे उडतात, आता तर फोनवरच पाच मिनिटांत लोन मिळतं त्यामुळे हे जास्तच धोक्याचं झालंय, शेअर मार्केट, ऑनलाइन गेम, ओळख नसलेल्याला उधारी. गाडी बेफाम चालवणं. शारीरिक संबंधांबद्दलची भीडभाड सुटते, नको तिथे नको ते बोललं किंवा केलं जातं. हे शेवटचं घरात कुणी उच्चारतसुद्धा नाही, पण डॉक्टरला ते सांगावंच लागतं आणि त्यावरून माणसाच्या चारित्र्याचा निवाडा करू नका, एरवी जो माणूस असं कधी करणार नाही त्याच्याकडून ते होतंय हीच तर आजाराची खूण आहे.

आणि एक, मॅनिया म्हणजे माणूस आनंदीच असणार असं नाही. काही जण पूर्ण वेळ नुसते चिडलेले असतात, भांडण उकरून काढतात, सगळ्या जगाला अक्कल नाही असं बोलतात. घरचे म्हणतात हल्ली फार तापट झालाय. झोप किती घेतोय ते बघा म्हणजे कळेल.

आजार अजून वर चढला की काही जणांना आवाज ऐकू येतात, मी अमक्या देवाचा अवतार आहे, टीव्हीवरून माझ्यासाठी निरोप येतोय, शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतायत अशी पक्की खात्री होते. आपल्याकडे इथे हमखास वाट चुकते. कुणी म्हणतं अंगात येतंय, कुणी म्हणतं करणी केलीय, बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी नेऊन आणा, आणि त्यात महिने जातात, पैसे जातात, कधी मारही बसतो. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरच्यांची देवावर श्रद्धा असेल तर मी कोण बोलणारी, नवस बोला, अंगारा लावा, मनाला धीर मिळतो, पण त्याच दिवशी गोळीसुद्धा पोटात गेली पाहिजे.

हायपोमॅनिया आणखी फसवा. त्यात भास-भ्रम नसतात, नोकरी चालू असते, ऍडमिट करायची वेळ येत नाही, उलट ऑफिसमध्ये बॉस खूश असतो की काय काम करतोय हा. माणूस स्वतःही म्हणतो की मी आयुष्यात इतका बरा कधीच नव्हतो. बायपोलर टाइप वन म्हणजे ज्याला निदान एकदा पूर्ण मॅनिया येऊन गेलाय, आणि टाइप टू म्हणजे हायपोमॅनिया अधिक मोठं डिप्रेशन. टाइप टू म्हणजे "सौम्यवाला" असं समजू नका, त्यांचं डिप्रेशन खूप लांबतं आणि तिथेच आयुष्य अडकतं.

उतार कसा असतो

याबद्दल जास्त लिहीत नाही कारण डिप्रेशनवर भरपूर लिहिलं गेलंय. कशातच रस नाही, आवडीची भजी समोर आली तरी नको, आंघोळ जड वाटते, मीच वाईट आहे, मी सगळ्यांना ओझं आहे, मरण आलेलं बरं. दिसायला हे साध्या डिप्रेशनसारखंच असतं, म्हणून तर डॉक्टरचीसुद्धा फसगत होते आणि खरं निदान व्हायला काही वर्षं जातात.

पण हे डिप्रेशन बायपोलरचं असू शकतं असा संशय घ्यायला काही जागा आहेत. पहिलं डिप्रेशन फार कमी वयात, विशीच्या आसपास आलेलं असणं. परत परत येणं. झोप न लागण्याऐवजी दहा-बारा तास नुसतं झोपून राहणं आणि हातपाय शिशासारखे जड वाटणं. आई-वडील, भावंडं, काका-मावशी यांच्यात कुणाला बायपोलर असणं किंवा कुणी आत्महत्या केलेली असणं (घरात हे लपवलेलं असतं, आजीला विचारा, आजीला माहीत असतं). बाळंतपणानंतर लगेच आजार सुरू होणं. आणि डिप्रेशनची गोळी चालू केल्यावर थोड्याच दिवसांत एकदम झोप उडणं, बोलणं वाढणं, चिडचिड. हे शेवटचं घडलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांत मॅनिया उसळतो.

एक तिसरी अवस्थाही असते, मिक्स्ड म्हणतात तिला. मनात डिप्रेशनचे सगळे काळे विचार आणि अंगात मॅनियाची ताकद आणि अस्वस्थता, दोन्ही एकाच वेळी. बसवत नाही, झोपवत नाही, रडतोय आणि येरझाऱ्या घालतोय. ही सगळ्यात धोक्याची वेळ आहे, कारण मरावंसं वाटणाऱ्या माणसाकडे एरवी काही करायचं त्राण नसतं, इथे ते असतं. असं काही दिसलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही.

प्रत्येक चढ म्हणजे बायपोलर नाही

थायरॉइड जास्त काम करत असेल तर झोप उडते, हात थरथरतात, चिडचिड होते. स्टेरॉइडच्या गोळ्या (दम्यासाठी, सांध्यांसाठी देतात त्या) काही जणांत हुबेहूब मॅनिया आणतात. गांजा, दारू, इतर नशा. म्हणून पहिल्या भेटीतच थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, ती टाळू नका आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आयुर्वेदिक असली तरी. आयुष्यात पहिल्यांदाच पन्नाशीनंतर मॅनिया दिसला तर मेंदूची आणि बाकी शरीराची तपासणी आधी, कारण हा आजार सहसा तरुणपणी सुरू होतो. बायपोलर पक्कं करणारी कुठलीही रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही, निदान होतं ते माणसाच्या आणि घरच्यांच्या सांगण्यावरून, म्हणून तर तुमचं सांगणं एवढं महत्त्वाचं.

नोंद कशी ठेवायची

ॲप्स आहेत, पण आमच्याकडे वहिनी कालनिर्णयवर लिहिते. स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, दुधाचा हिशोब जिथे लिहितो त्याच चौकोनात एका कोपऱ्यात दोन आकडे. पहिला आकडा किती तास झोप झाली आणि दुसरा मूडचा, शून्य म्हणजे नेहमीसारखा, वर गेला की अधिक एक, अधिक दोन, खाली गेला की उणे एक, उणे दोन. मूडचा आकडा दादा स्वतः सांगतो, झोपेचा वहिनी टाकते, आणि दोघांचं जुळलं नाही तर वहिनी भांडत नाही, दोन्ही लिहून ठेवते. सोबत काही वेगळं घडलं असेल तर एक शब्द: "प्रवास", "जागरण", "पाळी", "गोळी चुकली", "ऑफिस भांडण". बस. दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतं की कशाने गाडी घसरते. आमच्याकडे दिसलं की गणपतीतली जागरणं आणि रात्रीचा प्रवास हे दोन मोठे ट्रिगर आहेत, म्हणून आता गावाला जायचं तर दिवसाची एसटी, आणि आरतीला दादा असतो पण भजनाला रात्रभर बसत नाही. नाइट शिफ्ट, परीक्षेचा अभ्यास, लग्नघर, बाळंतपण, परदेशात असाल तर वेळ बदलणारा लांबचा विमानप्रवास, हे सगळं झोपेवाटेच घात करतं.

डॉक्टरकडे जाताना

सायकियाट्रिस्टकडेच जा, म्हणजे जो एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला आहे त्याच्याकडे. काउन्सेलिंगचा उपयोग पुढे खूप होतो पण नुसत्या गप्पांनी मॅनिया उतरत नाही. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. येरवडा नाव ऐकून लोक दचकतात. दचकू नका, तिथल्या ओपीडीत रोज असंख्य माणसं औषध घेऊन आपापल्या घरी जातात.

घरचं एक माणूस सोबत गेलंच पाहिजे. कारण असं होतं की माणूस डॉक्टरकडे जातो ते खाली गेल्यावर, आणि तेव्हा त्याला आपण कधी वर होतो हे आठवतही नाही किंवा तो आजार होता असं वाटतच नाही. दादाला दुसऱ्या वेळचं डिप्रेशन आलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं का, की झोप कमी पण दम जास्त?" दादा म्हणाला नाही. वहिनी म्हणाली, "अहो, तो माळा?" आणि मग पाऊण तास माळा, कपाटं, सुताराचा ऍडव्हान्स हे सगळं निघालं, औषध त्या दिवशी बदललं. म्हणून डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा: पहिल्यांदा कधी असं झालं, किती दिवस चाललं, झोप किती होती, पैसे किती गेले, नशा आहे का, घराण्यात कुणाला आहे का, कुठली गोळी लागू पडली आणि कुठलीने त्रास झाला. कागदावर लिहून न्या, ओपीडीत गर्दी असते आणि पाच मिनिटांत सगळं आठवत नाही. फाइलवर "बीपीएडी" लिहिलेलं दिसलं तर ते बायपोलरच.

मॅनिया चढलेल्या माणसाशी कसं बोलायचं

वाद घालून जिंकता येत नाही, प्रयत्नही करू नका. "तुला वेड लागलंय", "गोळी घेतलीस का आधी ते सांग" या दोन वाक्यांनी दार बंद होतं. खरंच एखाद्या गोष्टीचा आनंद झाला किंवा राग आला तरी प्रत्येक वेळी "गोळी घेतलीस का" ऐकावं लागणं यासारखा अपमान नाही असं दादा बरा असताना सांगतो. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसतंय तेवढंच बोला. "दादा, तू तीन रात्री झोपला नाहीयेस, मला काळजी वाटतेय, उद्या डॉक्टरना फक्त झोपेचं विचारून येऊ, मी पण येते." झोपेबद्दल बोललं तर बरेच जण ऐकतात, आजाराबद्दल बोललं तर नाही. आवाज हळू, वाक्य छोटी, एका वेळी एकानेच बोलायचं, सहा नातेवाईक गोळा करून पंचायत भरवायची नाही. घरात टीव्ही, पाहुणे, चहा-कॉफी कमी करा, रात्री दिवे लवकर मंद करा. मोठे निर्णय, राजीनामा, जमीन विकणं, घटस्फोट, हे "ठीक आहे, पण दोन दिवस झोपून मग ठरवू" असं म्हणून पुढे ढकला. कार्ड आणि गाडीची किल्ली याबद्दल बरा असतानाच ठरवून ठेवा, ऐनवेळी हिसकावून घेतली तर मारामारी होते.

ताबडतोब हलायचं कधी

मरण्याबद्दल बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपासारखे मेसेज करत असेल. दोन-तीन रात्री अजिबात झोपलेला नसेल आणि ताबा सुटत चालला असेल. आवाज ऐकू येत असतील. कुणाच्या अंगावर जात असेल. आणि बाळंतिणीला पहिल्या काही आठवड्यांत झोप उडून ती असंबद्ध बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र काही म्हणायला लागली तर क्षणभरही थांबू नका, "बाळंतवारा आहे" म्हणून घरात ठेवू नका, ही इमर्जन्सी आहे.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात कल्पना घातली जात नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. घरातली फवारणीची औषधं, जास्तीच्या गोळ्या कुलपात किंवा घराबाहेर, शेतकरी घरात तर हे पहिलं काम. टेली मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२ किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल. पोलीस केस होईल म्हणून घाबरून घरीच ठेवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. त्याच कायद्याने माणसाला साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे, आणि त्याची तयारी नसताना ऍडमिट करावं लागलं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून मगच, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस. कायमचं आत टाकतील ही भीती मनातून काढून टाका.

गोळ्यांबद्दल घरच्यांना माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

लिथियम हे जुनं आणि अजूनही फार मोलाचं औषध, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मॅनियावर वापरलं. मूड तर सांभाळतंच, आत्महत्येचा धोकाही कमी करतं. पण त्याचं रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं, साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवतात, दीडच्या वर गेलं की विषबाधेचा धोका. तपासणीचं रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी आधी घेऊन जायचं नाही. किडनी आणि थायरॉइडही अधूनमधून तपासतात. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम चढतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, वारीत उन्हातून चालणं या वेळी डॉक्टरला आधी विचारा, आणि मीठ एकदम बंद करू नका. अंगदुखीला ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान असलं काही मेडिकलमधून आणून देऊ नका, त्याने लिथियम वाढतं, पॅरासिटामॉल चालते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या-जुलाब दिसले की गोळी थांबवून थेट हॉस्पिटल.

दुसरं नेहमीचं औषध व्हॅल्प्रोएट. लग्नाच्या किंवा मूल होण्याच्या वयातल्या मुलीला ते लिहून दिलं असेल तर डॉक्टरशी स्पष्ट बोला, गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो. लॅमोट्रिजिन असेल तर ते अगदी हळूहळू वाढवतात, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायचं. आणि लिथियमच्या विषबाधेची वर सांगितलेली चिन्हं सोडली तर कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय. वजन वाढतंय, हात थरथरतात, डोकं सुन्न राहतं या तक्रारी खऱ्या असतात, त्यांना "नाटकं" म्हणू नका, डॉक्टरला सांगून डोस किंवा औषध बदलून घ्या, कारण ज्याचा त्रास कुणी ऐकून घेत नाही तो गुपचूप गोळ्या बंद करतो.

"लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला ज्यांनी दिला त्यांना सरळ नाही म्हणा. लग्न हे औषध नाही, लग्नघरातली जागरणं उलट आजार उठवतात, आणि समोरच्या घरापासून लपवून केलेल्या लग्नात गोळ्या लपूनछपून घ्याव्या लागतात आणि मग त्या सुटतातच. बायपोलर असलेली माणसं लग्न करतात, संसार करतात, मुलं वाढवतात, फक्त जोडीदाराला आधी सगळं माहीत हवं.

मुलांना होईल का, हे सगळेच विचारतात, हळूच, निघताना दारात उभं राहून. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर साधारण दहातल्या एका मुलाला होण्याची शक्यता असते, म्हणजे नऊ जणांना होत नाही. मुलांवर सारखी नजर ठेवून त्यांचं बालपण नासवू नका, पण झोपेची वेळ सांभाळायची आणि गांजापासून लांब राहायचं हे मोठं होताना त्यांना कारणासकट सांगा.

शेवटचं काम, माणूस पूर्ण बरा असताना त्याच्यासोबत बसून एक कागद करा. त्याची स्वतःची सुरुवातीची चिन्हं कुठली (दादाच्या कागदावर पहिलं आहे "रात्री एकनंतर व्हॉइस नोट", दुसरं "माझं बरोबर आहे हे तीनदा म्हणणं"), ती दिसली तर कुणी बोलायचं, कुणाचं तो ऐकतो, डॉक्टरचा नंबर, कार्ड कुणाकडे, कुठल्या हॉस्पिटलला जायचं आणि कुठल्या नाही. २०१७ च्या कायद्यात याचीच सोय आहे, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे माणूस आधीच लेखी देऊ शकतो आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमू शकतो. दादाने वहिनीला नेमलंय आणि दुसरं नाव माझं घातलंय. कागदाची एक प्रत फाइलमध्ये, एक डॉक्टरकडे, आणि एक फोटो काढून घरातल्या तिघांच्या फोनमध्ये.